संशोधनाचं टॅक्स क्रेडिट तुमचंही आहे: न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी उद्योजकांना खुलं पत्र

फेब्रुवारी २०२६

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत स्वतःचा धंदा उभा केलेल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी सेंट्रल जर्सीत छोट्या कंपन्यांचे हिशोब बघते आणि टॅक्स रिटर्न भरते. माझ्याकडे येणाऱ्यांत आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत. कुणाची सॉफ्टवेअर कंपनी आहे, कुणाचं मशीन शॉप, कुणी मसाले आणि फराळाचे पदार्थ बनवून दुकानांना पुरवतं, कुणी वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग करतं. हे पत्र तुम्हा सगळ्यांना एकाच गोष्टीसाठी लिहिते आहे. नवीन काही घडवण्यासाठी, आहे ते सुधारण्यासाठी जी धडपड तुम्ही वर्षभर करता, तिच्या खर्चातला काही भाग राज्य सरकार संशोधनाचं टॅक्स क्रेडिट म्हणून करातून वजा करून देतं. कायदाच तसा आहे. आणि तुमच्यातले बरेच जण तो मागतच नाहीत.

दर वर्षी रिटर्नचे कागद घेऊन कुणी आलं की मी विचारते, यंदा काही नवीन बनवलंत का, किंवा जुनंच वेगळ्या पद्धतीने करून बघितलंत का? उत्तर ठरलेलं असतं. "छे हो, आम्ही कसलं संशोधन करतो! ते मोठ्या औषध कंपन्यांचं काम." आणि मग पुढची दहा मिनिटं तोच माणूस मला सांगतो की एक भाग कसा जमत नव्हता, तीनदा डिझाइन कसं बदललं, कुठला धातू वापरून बघितला आणि शेवटी कसं जुळलं. हे सगळं ऐकताना माझा जीव तुटतो, कारण तो जे सांगत असतो तेच कायद्याला हवं असतं.

एक उदाहरण जवळून पाहिलेलं सांगते. एक नवरा-बायको गोठवलेल्या पुरणपोळ्या बनवतात. त्यांची अडचण अशी होती की पोळी गोठवली की कडेला चिरा पडायच्या, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की वरचा पापुद्रा चिवट आणि आत पुरण ओलं. घरी तव्यावरून पानात पडणाऱ्या पोळीला हा त्रास नसतो. महिनाभर फ्रीझरमध्ये राहून पुन्हा गरम होणाऱ्या पोळीला असतो. त्यांनी मैदा आणि कणकेचं प्रमाण बदललं, पिठातलं पाणी कमी-जास्त केलं, तेलाच्या जागी तूप घातलं, पुरण किती आटवायचं ते वजन करून ठरवलं. मग लक्षात आलं की खरं घोडं गोठवण्याच्या वेगात अडलं आहे. पदार्थ सावकाश गोठला की बर्फाचे कण मोठे होतात आणि पोत फाटतो; भरकन गोठवला की कण बारीक राहतात. मग पोळ्यांच्या चळतीची उंची बदलून बघितली, वेष्टनाचा कागद बदलून बघितला. किचनच्या भिंतीवर टेपने चिकटवलेला एक कागद होता. त्यावर पेनाने रकाने आखलेले: तारीख, तुकडी, पाणी, तूप, किती वेळात गोठली. आणि शेवटच्या रकान्यात बाईंच्या अक्षरात "चिरा", "बऱ्या", "पुन्हा चिरा", "ही ठेवू".

तो कागद म्हणजे पुरावा. वकिलाने किंवा माझ्यासारखीने नंतर बसून लिहिलेल्या वीस पानी अहवालापेक्षा मला त्या कागदाची किंमत जास्त वाटते.

आता कायदा काय विचारतो ते बघा. केंद्राच्या, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल सरकारच्या, आयकर कायद्याचं कलम ४१ हा या सगळ्याचा पाया आहे. हे क्रेडिट १९८१ साली आलं, अनेकदा मुदत संपून पुन्हा वाढवलं गेलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये कायमचं झालं. राज्यांपैकी मिनेसोटाने १९८२ मध्येच आपलं वेगळं क्रेडिट सुरू केलं आणि मग बाकीची राज्यं एकेक करून आली. बहुतेक राज्यं "संशोधन कशाला म्हणायचं" हे कलम ४१ मधूनच घेतात. त्याच्या कसोट्या चार. एक, तुम्ही एखादं उत्पादन, पद्धत, सॉफ्टवेअर किंवा सूत्र नवीन करत असाल किंवा त्याची कामगिरी, टिकाऊपणा, दर्जा सुधारत असाल. दोन, काम भौतिक, जैविक, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या तत्त्वांवर उभं असलं पाहिजे. तीन, सुरुवातीला खरोखर अनिश्चितता हवी: हे जमेल का, कसं जमेल, नेमकी रचना काय असेल, यातलं काहीतरी तुम्हाला माहीत नसलं पाहिजे. चार, त्या अनिश्चिततेतून वाट काढताना तुम्ही पर्याय करून, मोजून, तपासून बघितलेले हवेत. जगात पहिल्यांदा शोध लागला पाहिजे, पेटंट घेतलं पाहिजे, असं कलम ४१ कुठेच म्हणत नाही. प्रयोग फसला तरी खर्च धरता येतो.

पुरणपोळीचा दाखला या चारही कसोट्यांना उतरतो. पण त्यातलं सगळं नाही, हेही सांगायला हवं. मुलांना वेलचीची चव आवडते की जायफळाची, डब्यावर नऊवारीतली बाई छापायची की नाही, यावर घातलेला वेळ आणि पैसा धरता येत नाही. चव, रूप, सजावट यांसाठी केलेलं काम कायद्याने स्पष्ट वगळलेलं आहे. पोळी विकायला लागल्यानंतरची रोजची दर्जातपासणीही नाही. फ्रीझर विकत घेतला त्याचे पैसे नाहीत, कारण ज्यावर घसारा मिळतो अशी यंत्रसामग्री इथे चालत नाही. चालतं ते हे: प्रयोग करणाऱ्यांचा, त्यांच्यावर थेट देखरेख करणाऱ्यांचा आणि त्यांना थेट मदत करणाऱ्यांचा पेरोलवरचा पगार, त्या-त्या कामाच्या वेळेपुरता, प्रयोगात खर्ची पडलेला मैदा, गूळ, तूप, बाहेरच्या प्रयोगशाळेला किंवा कंत्राटी इंजिनिअरला दिलेल्या पैशांचे ६५ टक्के, आणि सॉफ्टवेअरवाल्यांसाठी डेव्हलपमेंट आणि चाचण्यांसाठी भाड्याने घेतलेल्या क्लाउडचं बिल.

न्यू जर्सीत याचा हिशोब कसा होतो ते सांगते. राज्यात झालेल्या पात्र खर्चातून एक पायाभूत रक्कम वजा करायची आणि उरलेल्यावर १० टक्के क्रेडिट. ही पायाभूत रक्कम तुमच्या आधीच्या वर्षांच्या विक्रीवरून आणि खर्चावरून निघते, पण नेहमीच्या पद्धतीत ती चालू वर्षाच्या खर्चाच्या निम्म्याखाली जात नाही. म्हणजे समजा तुमचा न्यू जर्सीतला पात्र खर्च ४ लाख डॉलर आहे, आणि पायाभूत रक्कम किमान मर्यादेला म्हणजे २ लाखांना टेकली, तर उरलेल्या २ लाखांवर १० टक्के, म्हणजे २० हजार डॉलर. चार-सहा माणसांच्या कंपनीला ही रक्कम थोडी नाही. यंदा पुरेसा कर नसेल तर क्रेडिट सात वर्षं पुढे ओढता येतं. जैवतंत्रज्ञान, प्रगत संगणन, वैद्यकीय उपकरणं अशा ठरावीक क्षेत्रांसाठी पंधरा वर्षं.

एक अट मात्र नीट ऐका, कारण इथे आपली माणसं हमखास अडकतात. हे क्रेडिट राज्याच्या कॉर्पोरेशन बिझनेस टॅक्समधून वजा होतं, आणि तेही किमान कराच्या खाली जाऊन नाही. तुमची कंपनी एस कॉर्पोरेशन (जिचा नफा थेट मालकांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये जातो अशी) असेल तर कंपनीच्या पातळीवर बहुधा फक्त किमान करच असतो. मग वजा करायला काही उरत नाही. पार्टनरशिप म्हणून कर भरणारी एलएलसी असेल तर मालकाच्या वैयक्तिक राज्य आयकरातून ते मिळत नाही. केंद्राचं क्रेडिट तुम्हाला तरीही मिळू शकतं, ते वेगळं. पण ज्यांचा खर्च मोठा आहे आणि वर्षानुवर्षं वाढणार आहे त्यांनी कंपनीचा प्रकार निवडताना हा मुद्दा आपल्या सीपीएसमोर, म्हणजे परवानाधारक हिशोबनिसासमोर, ठेवलाच पाहिजे. "मित्राने एस कॉर्प केली म्हणून मीही केली" हे कारण पुरेसं नाही.

नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की सगळं बदलतं. तिथे क्रेडिट रिटर्नमध्ये आपोआप भरून मिळत नाही, आधी अर्ज करावा लागतो. अर्ज १ ऑगस्ट ते १ डिसेंबर या काळात घेतात, आणि तो आधीच्या वर्षी केलेल्या खर्चासाठी असतो. २०२५ च्या खर्चासाठी १ डिसेंबर २०२६ हा शेवटचा दिवस. तो चुकला की त्या वर्षाचं क्रेडिट गेलं. राज्य दर वर्षी एकूण ६ कोटी डॉलर वाटतं आणि त्यातले १ कोटी २० लाख फक्त छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. छोटी म्हणजे जिची मालमत्ता ५० लाख डॉलरच्या आत आहे अशी. इतरांना वाढीव खर्चावर १० टक्के, छोट्यांना २० टक्के. अर्ज जास्त आले की रक्कम प्रमाणात कमी होते, म्हणून हातात नेमकं किती पडेल ते पुढच्या मे महिन्याच्या सुरुवातीला राज्य कळवतं तेव्हाच कळतं. निदान एका आधीच्या वर्षाचा राज्यातला संशोधनखर्च असावा लागतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी काही मिळत नाही. पण पहिल्या वर्षाचा हिशोब नसेल तर दुसऱ्या वर्षीही तोंडघशी पडाल. राज्याचे बाकीचे कर आणि रिटर्न चोख असावे लागतात. आणि एस कॉर्पोरेशन, पार्टनरशिप यांना हे क्रेडिट मालकांकडे वळवता येतं. न्यू जर्सीत जे जमत नाही ते इथे जमतं.

त्या राखीव १ कोटी २० लाखांबद्दल मला विशेष कळकळ आहे. ते तुमच्यासारख्यांसाठीच बाजूला काढलेले पैसे आहेत. ॲलनटाउनच्या बाजूला दहा माणसांचं मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला हे माहीतच नसेल तर त्याच्या वाट्याचं दुसरा कुणी घेऊन जातो. घेणाऱ्याची काही चूक नाही, त्याने अर्ज केला.

डेलावेअरमध्ये कंपनी आणि काम दोन्ही असलेल्यांनी वेगळी चौकशी करा. तिथलं क्रेडिट २०१७ पासून पूर्ण परताव्याचं आहे, म्हणजे कर नसला तरी पैसे हातात येतात, आणि छोट्यांना दुप्पट दर आहे. टेक्सासने २०२५ मध्ये आपलं क्रेडिट कायमचं करून दर वाढवला. उलट नॉर्थ कॅरोलायनाने २०१६ पासून बंद केलं. त्यामुळे कॅरीतल्या तुमच्या भावाने सांगितलेलं किंवा ऑस्टिनमधल्या मैत्रिणीने सांगितलेलं जसंच्या तसं तुमच्या राज्याला लावू नका.

न्यू जर्सीची आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. तुम्ही तंत्रज्ञान किंवा जैवतंत्रज्ञानातली कंपनी असाल, अजून तोट्यात असाल, अमेरिकेत २२५ पेक्षा कमी कर्मचारी असतील आणि स्वतःची संरक्षित बौद्धिक संपदा असेल, तर न वापरलेलं संशोधन-क्रेडिट आणि तोटा हे दोन्ही राज्याच्या आर्थिक विकास प्राधिकरणाच्या योजनेतून नफ्यातल्या दुसऱ्या कंपनीला विकता येतात, आणि किंमत त्यांच्या मूल्याच्या निदान ८० टक्के मिळायलाच हवी असा नियम आहे. न्यू जर्सीत किती पूर्णवेळ माणसं हवीत ते कंपनीच्या वयावर ठरतं. अर्जाची मुदत ३० जून. गुंतवणूकदार शोधत फिरणाऱ्या तरुण संस्थापकांना मी नेहमी सांगते, हे पैसे आणण्यासाठी कंपनीतला एक टक्काही हिस्सा द्यावा लागत नाही.

आता पुण्याकडे वळते, कारण आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा निम्मा व्याप तिथे असतो. एडिसनला ऑफिस, विक्री आणि दोन आर्किटेक्ट. बाणेर नाहीतर हिंजवडीत पंचवीस जणांची टीम. त्या पंचवीस जणांचा पगार ना केंद्राच्या क्रेडिटमध्ये धरता येतो ना राज्याच्या. काम अमेरिकेच्या जमिनीवर झालेलं हवं, आणि राज्याच्या क्रेडिटसाठी त्या राज्याच्या हद्दीत. इथली कंपनी मालक आहे, पैसे इथून जातात, बौद्धिक संपदा इथे आहे, या कशानेही फरक पडत नाही. शिवाय संशोधनाचा खर्च वजा करण्याच्या नियमातही परदेशातल्या कामाची वजावट १५ वर्षांत विभागून घ्यावी लागते. २०२५ च्या कायद्याने देशातल्या खर्चाला पुन्हा त्याच वर्षी पूर्ण वजावट दिली, पुण्यातल्या खर्चाला नाही दिली. म्हणून कुठलं काम कुठे होतं याची नोंद ठेवा. ज्या मॉड्यूलचं डिझाइन इथल्या दोघांनी तीन महिने डोकं लावून केलं, ते इथलं आहे. त्याचा दावा करा. पुण्याचा एक तासही त्यात घुसडू नका.

हद्दीचा हाच प्रश्न घरून काम करणाऱ्यांमुळेही येतो. ऑफिस प्रिन्स्टनला, पण डेव्हलपर राहतो बक्स काउंटीत आणि आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतो. त्या चार दिवसांचं काम पेनसिल्व्हेनियात झालं. न्यू जर्सीच्या दाव्यात ते धरलं तर तो दावा खोटा ठरतो, आणि पेनसिल्व्हेनियात त्याचा अर्ज करायचं राहून गेलं तर तिथलंही गमावलं. हे शोधायला मोठी विद्या लागत नाही. कोण कुठे राहतो आणि कुठे बसून काम करतो ही एक यादी पुरते. पण ती वर्षाच्या शेवटी आठवून करू नका, दर तिमाहीला करा.

कन्सल्टिंगवाल्यांसाठी एक कडू गोष्ट. तुमची माणसं क्लायंटकडे तासाच्या दरावर जातात, काम फसो वा साधो तासाचे पैसे मिळतात, आणि तयार झालेला कोड सगळाच्या सगळा क्लायंटचा. अशा कामावर क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. कायदा विचारतो, फसलं तर कुणाच्या खिशातून गेलं? आणि निकालावर तुमचा काही ठोस हक्क उरला का? फेअरचाइल्ड या विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात फेडरल सर्किट या केंद्राच्या अपील न्यायालयाने १९९५ मध्ये हेच धरलं: अपयशाची जोखीम ज्याच्या डोक्यावर, क्रेडिट त्याचं. म्हणून ठरलेल्या किमतीला, क्लायंटने काम तपासून मान्य केल्यावरच पैसे मिळतील अशा करारावर तुम्ही काही घडवत असाल आणि त्यातलं काही पुढे वापरण्याचा हक्क तुमच्याकडे राहत असेल, तर वेगळा विचार करता येतो. करार करतानाच वकिलाला ही दोन कलमं नीट वाचायला सांगा. सही झाल्यावर वाचून उपयोग नसतो.

नोंदींबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळं तिथेच ठरतं. इलिनॉयमध्ये सीमर मिलिंग नावाची गव्हाचं पीठ करणारी कंपनी आहे. नवीन प्रकारचं पीठ, उष्णता देण्याच्या नव्या पद्धती अशा कामांवर तिने क्रेडिट घेतलं होतं. २०१९ मध्ये टॅक्स कोर्टाने तिचा दावा फेटाळला. काम झालंच नाही असं कोर्ट म्हणालं नाही. प्रयोगांची पद्धत दाखवणारी नोंद कागदावर नाही, असं म्हणालं. २०२३ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने इंडियानातल्या एका जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या बाबतीत असंच ठरवलं: जहाज नवीन होतं, आव्हान खरं होतं, पण कामाचा किती वाटा प्रयोगात गेला हे आकड्यांनी दाखवता आलं नाही. गिरणी असो की जहाज, न्यायाधीश तुमच्या चेहऱ्याकडे बघून विश्वास ठेवत नाही. तो विचारतो, त्या मंगळवारी काय करून बघितलं?

पुरणपोळीवाल्या जोडप्याकडे मी गेले तेव्हा भिंतीवर चालू वर्षाचा कागद होता. आधीच्या वर्षाचा कुठे आहे, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "रंग दिला तेव्हा काढून टाकला." त्या वर्षाचा दावा आम्ही केला नाही. करता आला असता असं सांगणारे भेटतील. मी तो केला नाही आणि करणारही नाही. चालू वर्षाच्या कागदाचा मात्र त्यांनी दर शनिवारी फोनवर फोटो काढायला सुरुवात केली आणि प्रत्येक प्रयोगाला नाव दिलं. एवढंच लागतं. टाइमशीटमध्ये "डेव्हलपमेंट" असा एक मोघम शब्द लिहू नका. कुठला प्रकल्प, कुठली अडचण, ते लिहा. टाकून दिलेली डिझाइन्स डिलीट करू नका. टीममध्ये "हे चालत नाहीये, दुसरं बघू" असा ईमेल गेला असेल तर तो जपा. प्रयोगासाठी घेतलेल्या मालाची बिलं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. एखाद्याचा ८० टक्के किंवा जास्त वेळ पात्र कामात गेला असेल तर त्याचा सगळा पगार धरता येतो, पण ते ८० टक्के सिद्ध करावे लागतात. केंद्राचं क्रेडिट ज्यावर मागतात त्या फॉर्म ६७६५ मध्ये २०२६ च्या करवर्षापासून मोठ्या कंपन्यांना प्रकल्पवार तपशील द्यावाच लागणार आहे. छोट्यांना त्यातून सूट आहे, पण राज्याचा ऑडिटर तुमच्याकडे तोच तपशील मागेल असं समजून चाला.

इथे एका गोष्टीबद्दल सावध करते. गेल्या काही वर्षांत फोन करून "तुमचे लाखभर डॉलर सरकारकडे पडून आहेत, मिळाले की आम्हाला पंचवीस टक्के द्या" असं सांगणाऱ्यांचं पेव फुटलं आहे. एका ओळखीच्या कंपनीकडे अशांनी आणलेला अहवाल मी वाचला. तिच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा, रिसेप्शनवरच्या मुलीचासुद्धा, नव्वद टक्के वेळ संशोधनात दाखवला होता. मालकाने सही केली नाही, हे त्याचं भाग्य. रिटर्नवर सही तुमची असते, दंड आणि व्याज तुम्हाला भरावं लागतं, आणि तोवर टक्केवारीवाला आपले पैसे घेऊन निघून गेलेला असतो. खोट्या संशोधन-दाव्यांचा इशारा आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या करखात्याने, लोकांना उघडपणे दिलेला आहे. पण म्हणून घाबरून खरा दावाही सोडू नका. मी हे लिहिते आहे ते याचसाठी, की आपली माणसं या दोन टोकांपैकी एक गाठतात: एकतर "नको ती कटकट" म्हणून काहीच मागत नाहीत, नाहीतर कुणाच्या तरी भरवशावर वाटेल ते मागतात.

माझ्याच पेशातल्या मराठी सीपीए मंडळींनाही हक्काने सांगते. क्लायंट विचारत नाही म्हणून तुम्हीही विचारत नाही, असं चालायचं नाही. मार्चच्या गर्दीत हा विषय काढायला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. मग सप्टेंबरमध्ये काढा. न्यू जर्सीत ज्याने संशोधनाचं क्रेडिट घेतलं त्याला त्या खर्चाची राज्यापुरती पूर्ण वजावट त्याच वर्षी मिळते, असा कायदा राज्याने जुलै २०२३ मध्ये केला, आणि तो २०२२ पासूनच्या वर्षांना लागू केला. केंद्रात तेव्हा तोच खर्च पाच वर्षांत विभागावा लागत होता. ज्यांनी क्रेडिटच मागितलं नाही त्यांना ही वजावटही मिळाली नाही. हे आपल्या क्लायंटना कुणी सांगितलं? न्यू जर्सीच्या कॉर्पोरेशन टॅक्सचा परतावा चार वर्षांपर्यंत मागता येतो, तेव्हा जुनी रिटर्न उघडून बघा. केंद्राच्या बाजूने, ३ कोटी १० लाख डॉलरपर्यंत सरासरी विक्री असलेल्या कंपन्यांना २०२२ ते २०२४ चा देशातला संशोधनखर्च मागे जाऊन एकदम वजा करता येतो, पण त्यासाठी ६ जुलै २०२६ पर्यंतच मुदत आहे.

आणि मराठी मंडळांना एक विनंती. गणपती, दिवाळी, नाटक, एकांकिका हे सगळं आपण उत्साहाने करतो, मीही त्यात असते. वर्षातली एक शनिवारची दुपार धंदा करणाऱ्यांसाठी द्या. शाळेचा हॉल नसला तरी कुणाच्या बेसमेंटमध्ये चालेल. राज्याचे अर्ज पडद्यावर उघडून ओळीनं भरून दाखवू, ज्यांनी एकदा केलंय ते नवख्यांना सांगतील. मी फी न घेता येईन, आणि माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी येतील याची खात्री देते. ती दुपार ऑगस्टच्या आधी ठेवा, म्हणजे पेनसिल्व्हेनियावाल्यांना अर्जाला पुरेसा वेळ मिळेल. आणि न्यू जर्सीतल्या तोट्यातल्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी ती मेच्या आतच व्हायला हवी, कारण ३० जूनचा अर्ज कागदपत्रं बरीच मागतो.

येताना तीन गोष्टी घेऊन या: गेल्या दोन वर्षांचा पेरोल, कोण कुठल्या राज्यात बसून काम करतो त्याची यादी, आणि जे जमत नव्हतं पण जमवायचा प्रयत्न केला अशा कामांची साध्या शब्दांत लिहिलेली यादी. मराठीत लिहिलीत तरी चालेल, अर्जात इंग्रजी करायचं काम माझं.

आपली,
सेंट्रल जर्सीतली एक हिशोबनीस